रिव्हर्स पार्किंग सेन्सर असलेली गाडी मागे आलेल्या मुलाला ओळखते का, आणि ‘पादचारी संरक्षण’ म्हणजे नेमके काय?

आपण विचारले आहे की नव्या गाडीच्या माहितीपत्रकात ‘रिव्हर्स पार्किंग सेन्सर’ आणि ‘पादचारी संरक्षण’ या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत, तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी मागे घेताना घरातले तीन वर्षांचे मूल पाठीमागे आले तर गाडी आपोआप थांबेल का. आणि पुढच्या बम्परला ओरखडे पडू नयेत म्हणून लोखंडी गार्ड बसवून घ्यावे का. दोन्ही प्रश्नांचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. मी सोळा वर्षे नाशिकमध्ये गाड्यांच्या वायरिंगचे आणि बम्पर-सेन्सरच्या दुरुस्तीचे काम करतो आणि हा गैरसमज जवळजवळ रोज ऐकतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिल्यांदा हे लक्षात घ्यावे की या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत आणि त्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. चालकाची एअरबॅग, पुढच्या दोन्ही आसनांसाठी सीटबेल्टची आठवण करून देणारा बझर आणि वेगाची सूचना याही गोष्टी त्याच तारखेपासून लागू झाल्या. या नियमाने आपल्याला फक्त आवाज दिला आहे. काही महागड्या गाड्यांत मागे जाताना आपोआप ब्रेक लावणारी स्वतंत्र सोय असते, पण साध्या सेन्सरची तार बझरपर्यंत जाते, ब्रेकपर्यंत जात नाही.

बम्परवर दिसणारी ती गोल टिकली म्हणजे आतून ॲल्युमिनियमची एक लहानशी वाटी असते आणि तिच्या बुडाला आतल्या बाजूने सिरॅमिकची पातळ चकती चिकटवलेली असते. या चकतीला विजेचे झटके दिले की ती थरथरते आणि तिच्याबरोबर वाटीचा पुढचा पडदाही थरथरतो, सेकंदाला साधारण चाळीस ते पन्नास हजार वेळा. माणसाचा कान वीस हजारांपलीकडचे ऐकत नाही, म्हणून हा ध्वनी आपल्याला कळत नाही. एक छोटा आवाज सोडून झाला की चकती गप्प होते आणि तीच आता कान बनते. समोरच्या वस्तूवर आपटून आलेला प्रतिध्वनी पडद्याला हलवतो, त्यातून वीज निर्माण होते आणि गेलेल्या वेळेवरून अंतर काढले जाते. वीस अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटरवरच्या भिंतीकडे जाऊन परत यायला त्याला सेकंदाच्या हजार भागांपैकी सहा भागही लागत नाहीत. चारही सेन्सर एकाच वेळी बोलत नाहीत. एक बोलतो तेव्हा शेजारचेही ऐकतात, आणि त्या सगळ्यांच्या वेळा जुळवून आतला कंट्रोलर बम्परपासून सर्वांत जवळची वस्तू किती लांब आहे हे ठरवतो.

याच रचनेत तिच्या मर्यादा दडलेल्या आहेत. देवळातली घंटा वाजवून हात खाली घेतला तरी तिचा नाद काही काळ चालू राहतो, तसा या पडद्याचाही नाद आवाज सोडल्यावर क्षणभर टिकतो, आणि तो विरेपर्यंत त्याला प्रतिध्वनी ऐकू येत नाही. त्यामुळे वस्तू वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या आत आली की बहुतेक सेन्सर अंतर मोजूच शकत नाहीत आणि तोपर्यंत सलग सुरू झालेला आवाज तसाच चालू ठेवतात. हवेच्या तापमानाचाही परिणाम होतो. आमच्याकडे डिसेंबरच्या पहाटे पारा आठ अंशांवर असतो आणि उन्हाळ्यातल्या दुपारी चाळीसला टेकतो. एवढ्या फरकाने ध्वनीचा वेग सुमारे साडेपाच टक्क्यांनी बदलतो, म्हणजे दीड मीटरच्या अंतरात आठ-नऊ सेंटीमीटरची चूक होऊ शकते. चांगल्या प्रणाली बाहेरच्या तापमानाचा आकडा घेऊन ही चूक सुधारतात, पण बाजारातून बसवलेल्या स्वस्त संचांत ही सोय बहुधा नसते.

ग्राहकांना हे तोंडी सांगून पटत नाही, म्हणून मी एक प्रयोग करून दाखवतो. गाडीच्या मागे पत्र्याची बादली ठेवतो, रिव्हर्स टाकून गाडी हळू मागे घेतो, आणि बझर चांगल्या अंतरावर वाजू लागतो. मग ती बादली काढून त्याच जागी लाकडी स्टुलावर जुनी गोधडी दुमडून टाकतो. आता बझर कितीतरी उशिरा वाजतो, आणि गोधडीचा उतार गाडीकडे तिरपा असेल तर एखाद्या वेळी वाजतच नाही. पत्रा ध्वनी परतवतो, मऊ कापड तो गिळून टाकते आणि तिरपी बाजू त्याला भलतीकडे उडवून लावते. स्वेटर घातलेले, गाडीकडे पाठ करून उकिडवे बसलेले मूल सेन्सरच्या लेखी बादलीपेक्षा गोधडीच्या जास्त जवळचे आहे. हे वाक्य लिहिताना मला बरे वाटत नाही, पण ते खरे आहे.

त्यात उंचीची भर पडते. सेन्सर जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंच असतात आणि त्यांचा ध्वनी आडवा भरपूर पसरतो, उभा मात्र मुद्दाम कमी पसरवलेला असतो, कारण तो जमिनीला लागला तर प्रत्येक खडा आणि प्रत्येक गतिरोधक ‘अडथळा’ म्हणून वाजू लागेल. म्हणूनच फुटपाथची कड दुरून वाजते आणि अगदी जवळ गेल्यावर गप्प होते. ती नाहीशी झालेली नसते, ध्वनीच्या पट्ट्याखाली गेलेली असते. जमिनीवर बसून खडूने रेघोट्या ओढणाऱ्या मुलाचेही तसेच होऊ शकते.

आता वेळेचा हिशेब करून पाहू. पार्किंगमधून आपण ताशी पाच किलोमीटरने मागे येत असलो तर सेकंदाला सुमारे १.४ मीटर सरकतो. मागच्या सेन्सरचा उपयोगी पल्ला दीड-दोन मीटरच्या आसपास असतो. बझर ऐकून, त्याचा अर्थ लावून, पाय ब्रेकवर जायला एक सेकंद सहज जातो. उभे असलेले अडथळे आपण सेन्सरच्या भरवशावर टाळतो ते अगदी रांगत मागे येतो म्हणूनच. धावत आलेल्या मुलाच्या बाबतीत तो सेकंद आपल्या हातात नसतो.

अमेरिकेत हा प्रश्न फार गंभीरपणे घेतला गेला. वडिलांनी मागे घेतलेल्या गाडीखाली सापडून गेलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या नावाने तिथे कायदा झाला, आणि मे २०१८ पासून साडेचार टनांपर्यंतच्या नव्या वाहनांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. सेन्सरऐवजी कॅमेरा निवडण्यामागे तिथल्या सरकारी यंत्रणेच्या चाचण्या होत्या. माणसे, विशेषतः लहान मुले, ओळखण्यात सेन्सर कमी पडतात असे त्यांत दिसले होते. तेव्हा आपल्या गाडीच्या ज्या प्रकारात मागचा कॅमेरा मिळतो तो घेणे परवडत असेल तर अलॉय व्हीलच्या आधी कॅमेऱ्यावर खर्च करावा असे मी आग्रहाने सांगेन. पण कॅमेराही पडद्याकडे बघणाऱ्यालाच उपयोगी पडतो. गाडीत बसण्यापूर्वी मागून एक चक्कर मारणे, आणि गाडी हलत असेपर्यंत मुलाचा हात घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात असणे, या दोन गोष्टींची जागा घेणारे उपकरण मी आजवर पाहिलेले नाही.

माहितीपत्रकातले ‘पादचारी संरक्षण’ हे पुढच्या बाजूचे प्रकरण आहे, आणि आपल्या किमतीच्या गाडीत त्याला एकही तार नसते. चालणाऱ्या माणसाला मोटारीची धडक बसते तेव्हा बम्पर आधी गुडघ्याच्या आसपास लागतो, पाय खालून ओढले जातात, कंबर बॉनेटच्या कडेवर येते आणि शरीर गाडीवर गुंडाळल्यासारखे होऊन डोके शेवटी बॉनेटवर किंवा पुढच्या काचेवर आपटते. उंच माणसाचे डोके काचेजवळ जाते, लहान मुलाचे बॉनेटच्या पुढच्या भागावर. हे सगळे एका सेकंदाच्या लहानशा अंशात घडते. बॉनेटचा पत्रा स्वतः मऊ असतो. जीव घेते ते त्याच्या लगेच खाली असलेले कठीण सामान, म्हणजे इंजिन, बॅटरी, बिजागऱ्या, वायपरचे दांडे. म्हणून अभियंते बॉनेट आणि इंजिन यांच्यामध्ये काही सेंटीमीटरची मोकळी जागा राखतात, बॉनेटच्या आतला सांगाडा दबेल असा करतात आणि बम्परच्या मागे फोमचा थर घालतात, जेणेकरून गुडघा एका जागी मोडण्याऐवजी धक्का पसरेल.

हे खरोखर दबते का, हे मोजण्याची पद्धत ठरलेली आहे. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर यासाठी जागतिक तांत्रिक नियम मंजूर झाला, आणि भारतात त्याच धर्तीवरचे एआयएस-१०० हे मानक ऑक्टोबर २०१८ पासून नव्या मॉडेलना लागू झाले. चाचणीत मुलाच्या डोक्याऐवजी साडेतीन किलोचा आणि मोठ्या माणसाच्या डोक्याऐवजी साडेचार किलोचा गोळा ताशी ३५ किलोमीटर वेगाने बॉनेटच्या ठरावीक जागांवर सोडतात. गोळ्यातील यंत्र तो किती झपाट्याने थांबला याची नोंद घेते, त्यावरून डोक्याच्या इजेचा एक निर्देशांक काढतात, आणि बॉनेटच्या चाचणीक्षेत्राच्या दोन तृतीयांश भागात तो १,००० च्या आत असावा लागतो. पायासाठीचा नमुना ताशी ४० किलोमीटरने बम्परवर सोडतात. हे आकडे मी मुद्दाम दिले, कारण त्यांतून या संरक्षणाची हद्द दिसते: शहरातल्या वेगापुरतेच ते आखलेले आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, आणि तिथे कोणताही फोम पुरा पडत नाही.

महागड्या काही गाड्यांत मात्र याला खरोखरच सेन्सर असतात. बम्परच्या फोममध्ये कोरलेल्या खाचेतून एक पोकळ लवचीक नळी आडवी टाकलेली असते आणि तिच्या दोन्ही टोकांना हवेचा दाब मोजणारे सेन्सर असतात. पाय लागून नळी दाबली गेली की दाबाची लाट दोन्हीकडे धावते. लाटेच्या स्वरूपावरून कंट्रोलर लागलेली वस्तू माणसाच्या पायासारखी आहे का ते ठरवतो आणि बारूदावर चालणारे दट्टे बॉनेटची काचेकडची बाजू काही सेंटीमीटर उचलतात, म्हणजे डोके पोचण्याआधी खाली मोकळी जागा तयार होते. व्होल्वोने २०१२ मध्ये व्ही ४० या गाडीत काचेच्या खालच्या कडेला बाहेरून फुगणारी एअरबॅगही दिली होती. ही नळी किती नाजूक असते ते मी एकदा जवळून पाहिले आहे. दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये बम्पर बदलून आलेल्या गाडीत इशाऱ्याचा दिवा विझत नव्हता. बम्पर उतरवल्यावर दिसले की नळी खाचेत न बसवता फोमच्या मागे दुमडून कोंबली होती. दिवा लागला हे त्या मालकाचे नशीब, कारण बाहेरून सगळे अगदी चकचकीत दिसत होते.

आता गार्डविषयी. एवढे वाचल्यावर माझे कारण आपल्या लक्षात आले असेल. फोम, दबणारा बम्पर आणि बॉनेटची कड यांच्या पुढे आपण लोखंडी पाइप बसवला तर माणसाचा गुडघा आणि मुलाचे डोके थेट त्या पाइपवर येते, आणि चाचणीत सिद्ध झालेले सारे निष्फळ ठरते. शिवाय पाइप चासीला पक्का बोल्ट केलेला असल्याने गाडीचा पुढचा भाग ठरल्याप्रमाणे चुरगळत नाही, आणि आतल्यांच्या एअरबॅगना मिळणारा इशाराही बिघडू शकतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन असल्याचे कळवले आहे. त्याच मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी रस्त्यावर मृत्युमुखी पडले. बम्परवरचा ओरखडा दोन-तीन हजारांत निघतो.

सेन्सरची निगा मात्र सोपी आहे आणि ती आपण स्वतः करू शकता. इंजिन बंद ठेवून चावी फिरवा, हँडब्रेक ओढा, रिव्हर्स टाका, आणि दुसऱ्या कोणाला आत बसवून एकेका टिकलीला कान लावा. चालू सेन्सरमधून अगदी बारीक टिकटिक ऐकू येते; जी टिकली मुकी आहे ती बिघडलेली आहे. पावसाळ्यात चिखल वाळला की ओल्या फडक्याने पुसा, प्रेशरच्या पाण्याचा फवारा फार जवळून मारू नका. डेंटिंग-पेंटिंग झाले तर टिकलीवर पुट्टी किंवा रंगाचे जाड थर चढलेले नाहीत ना हे गाडी ताब्यात घेतानाच बघा, कारण जाड झालेला पडदा नीट थरथरत नाही. आणि वितरकाने गार्ड आधीच बसवून दिले असेल तर ते काढून घ्या, पण काढल्यावर बम्परच्या मागचा फोम शाबूत आहे का ते कामगाराला उघडून दाखवायला सांगा. गार्डचे ब्रॅकेट बसावे म्हणून तो अनेकदा कापलेला असतो, आणि तसा असेल तर नवीन फोम टाकून घ्यावा लागेल.