युगिओ या पत्त्यांच्या खेळात समोरचा अटलांटियन-मर्मेल हा पाण्याच्या मॉन्स्टरांचा डेक खेळत असेल तर त्याला कसं रोखायचं? आणि तोच डेक आपण घेतला तर कसा खेळायचा?

तुम्ही लिहिलंय की मित्र हा पाण्याचा डेक घेऊन बसतो, तुम्ही त्याच्या प्रत्येक मोठ्या मॉन्स्टरचा इफेक्ट रद्द (निगेट) करता आणि तरीही हरता. हरणारच. तुमची पानं चुकीच्या जागी खर्च होतायत.

या डेकचा सगळा जीव हातातून ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरलेल्या पानांच्या ढिगात, पडणाऱ्या पानांत आहे. मर्मेलपैकी अबिसट्यूस पाण्याचं एक पान टाकून उतरतो, अबिसमेगालो दोन टाकून. अबिसपाइक उतरला की एक टाकून लेव्हल ३ चं पाण्याचं मॉन्स्टर डेकमधून हातात घेतो. हे टाकणं म्हणजे कॉस्ट, इफेक्टची किंमत, आणि कॉस्ट आधीच भरलेली असते. पाइकवर तुम्ही इफेक्ट व्हेलर (मॉन्स्टरचा इफेक्ट रद्द करणारं पान) मारलात तर त्याचा शोध थांबेल, पण त्यासाठी टाकलेला अटलांटियन ड्रॅगून्स तोवर ग्रेव्हयार्डमध्ये पोचलेला असतो आणि तो आपलं काम करतोच: डेकमधून सी सर्पंट जातीचं एक मॉन्स्टर हातात. बहुतेक वेळा तो मेगालो असतो. ड्रॅगून्सऐवजी मार्क्समन टाकला तर तुमचं उलटं ठेवलेलं पान फुटतं, हेवी इन्फन्ट्री टाकला तर उघडं पान फुटतं. म्हणजे व्हेलर तुमचा गेला आणि पानही तुमचंच गेलं.

मग मारायचं कुठे? जिथे कॉस्ट नाही तिथे. डीप सी डीव्हा नुसती उतरते आणि डेकमधून लहान सी सर्पंट खेचून आणते, टाकत काहीच नाही. अॅश ब्लॉसम, व्हेलर, इम्पर्मनन्स, इफेक्ट अडवणारं जे काही पान हातात असेल ते तिच्यासाठी राखून ठेवा. अॅश एकच असेल आणि डीव्हा दिसतच नसेल, तर ड्रॅगून्सच्या शोधावर खर्च करा. मेगालोच्या शोधावर अजिबात नको. तोवर २४०० ताकदीचा मेगालो उतरलेला असतो आणि तुम्ही फक्त एक स्पेल किंवा ट्रॅप अडवता.

दुसरा रस्ता म्हणजे ग्रेव्हयार्डच बंद करणं. डायमेन्शनल फिशर हे स्पेल मैदानात असेल तर मॉन्स्टर ग्रेव्हयार्डमध्ये जायच्या ऐवजी बॅनिश होतात, म्हणजे खेळातून बाहेर जातात. ड्रॅगून्स, मार्क्समन, इन्फन्ट्री तिघेही मुके. वर मेगालोची कॉस्ट ‘ग्रेव्हयार्डमध्ये टाका’ अशी असल्यामुळे ती भरताच येत नाही, तो हातातच कुजतो. मॅक्रो कॉसमॉसचंही तेच, फक्त तो ट्रॅप आहे आणि सगळ्याच पानांना लागू होतो.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो, कारण हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही.

आमचं घर मालवण तालुक्यात. गणपतीत मुंबईचे सगळे चाकरमानी येतात, रात्री आरती-भजन आटोपलं की पडवीत मोठ्यांचा पत्त्यांचा डाव बसतो आणि दुसऱ्या टोकाला आम्हा पोरांचा. माझा थोरला चुलत भाऊ, आमचा दादा, तिकडून अस्सल पानं घेऊन यायचा. हाच डेक. माझी पानं झेरॉक्सच्या दुकानात छापून आणलेली, स्लीव्हमध्ये मागे जुन्या कॅटमधलं एकेक पान घालून ताठ केलेली. पावसाळी हवेत दादाच्या चकचकीत फॉइल पानांना बाक यायचा, पिसताना कुठलं पान कुठे आहे ते कडेवरून कळायचं. म्हणून तो ती तांदळाच्या डब्यात ठेवायचा. माझी छापील पानं सपाट राहायची. पत्ते दमट हवेत चिकटतात म्हणून काका स्लीव्हना कॅरमची पावडर लावून द्यायचे.

माझा डेक सायबर ड्रॅगन. साधा, मशीनचा, उलटी पानं ठेवायची फारशी गरज नसलेला. आम्ही तीन डावांची मॅच खेळायचो, मध्ये साइड डेकमधली, म्हणजे बाजूला राखून ठेवलेली, पानं बदलायची मुभा. पहिला डाव दादाने घेतला: ट्यूस, ड्रॅगून्स, मेगालो, मग लेव्हल ७ ची ती दोन मॉन्स्टर एकावर एक रचून त्यांच्यावर अबिसगायोस. गायोसखाली ती रचलेली पानं (मटेरियल) असेपर्यंत लेव्हल ५ आणि वरची मॉन्स्टर हल्लाच करू शकत नाहीत, आणि सायबर ड्रॅगन लेव्हल ५ चा. दुसऱ्या डावाला मी साइडमधून फिशर आत घेतले. एक लवकर हाती आला. दादाचा हात पाण्याच्या पानांनी भरलेला आणि त्याला काही उतरवता येईना. डाव माझा झाला.

इथेच दादा बिथरला. “हा रडीचा डाव आहे. स्वतःचं काही खेळायचं नाही आणि दुसऱ्याला खेळू द्यायचं नाही.”

काका हातातली पानं न ठेवता म्हणाले, “नियमात बसता मां? मगे रडतंस कित्याक?”

तिसऱ्या डावाआधी मी सगळे फिशर बाहेर काढले. हे नीट लक्षात घ्या, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर यातच आहे. दादा आता फिशर फोडायला ट्विन ट्विस्टर्स आत घेणार हे मला दिसत होतं. तेव्हा फोडण्यासारखं काही ठेवायचंच नाही. फिशरच्या जागी मी डी. डी. क्रो घेतले. क्रो हातातून टाकायचा आणि समोरच्याच्या ग्रेव्हयार्डमधलं एक पान बॅनिश करायचं. फिशर आणि क्रो एकत्र ठेवायचेच नसतात, कारण क्रोची कॉस्ट त्याला ग्रेव्हयार्डमध्ये टाकण्याची आहे आणि फिशर असताना ती भरता येत नाही. व्हेलर आणि ड्रोल अँड लॉक बर्डचंही तेच. अॅश मात्र फिशरखाली चालते, तिच्यावर नुसतं ‘टाका’ असं लिहिलंय.

काही फेऱ्यांनंतर दादाकडे मूलिंग्लेशिया आला हे मला ठाऊक होतं, त्याने तो शोधूनच घेतला होता. हे पान उतरवायला स्वतःच्या ग्रेव्हयार्डमध्ये पाण्याची बरोबर पाच मॉन्स्टर लागतात. चारही नाही, सहाही नाही. उतरला की समोरच्याच्या हातातली दोन पानं यादृच्छिक जातात. त्याची चार झाली होती. त्याने ट्यूससाठी ड्रॅगून्स टाकला, पाच झाली. मूलिंग्लेशिया उतरवणं हा इफेक्ट नाही, त्यावर चेन करून, म्हणजे उत्तरादाखल दुसरा इफेक्ट लावून, ग्रेव्हयार्डला हात लावता येत नाही. म्हणून क्रो टाकायची वेळ त्याच्या आधीची: ड्रॅगून्सचा इफेक्ट चेनवर आला, त्यावरच मी क्रो टाकला आणि एक पान उचललं. चार राहिली.

कावळ्याचं चित्र बघून काका ओरडले, “कावळो शिवलो!” आजीने आतून त्यांना दटावलं, सणासुदीला असलं बोलतात का म्हणून.

ड्रॅगून्सने मेगालो आणून दिला होता. तो उतरवायला दोन पाण्याची पानं टाकायची होती आणि त्यातलं एक मूलिंग्लेशिया. ते टाकणं दादाच्या जिवावर आलं, पुढच्या फेरीला पाच होतीलच म्हणून त्याने जपून ठेवलं. ट्विन ट्विस्टर्स हातात पडून होतेच, माझ्या बाजूला फोडायला काही नव्हतं. ट्यूसने हल्ला करून त्याने फेरी संपवली. माझ्या फेरीला हातातून दोन सायबर ड्रॅगन, त्यांना जोडून ताकद दुप्पट करणारं पॉवर बॉन्ड, आणि त्यातून सायबर ट्विन ड्रॅगन. २८०० चे दुप्पट ५६००, आणि तो दोनदा हल्ला करतो. १७०० च्या ट्यूसवर ३९००, मग थेट ५६००. ८००० लाइफ पॉइंट तिथेच संपले.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हा डेक स्वतः कसा खेळायचा. वरची हकिगत दादाच्या बाजूने वाचा. हात हे या डेकचं इंधन आहे, एका फेरीत सगळा जाळू नका. मेगालोला दोन पानं लागतात हे धरून पुढच्या फेरीची तजवीज ठेवा. अबिसगुंडे टाकली गेली की एक मर्मेल ग्रेव्हयार्डमधून परत येतो, ती आणि ड्रॅगून्स एकत्र टाकायला मिळतील तेव्हाच मेगालो उतरवण्यात मजा आहे. मूलिंग्लेशिया घेतलात तर स्वतःची मोजदाद तोंडावर दाखवू नका. ग्रेव्हयार्ड दर वेळी पालथं घालून मोजणाऱ्याचा बेत समोरच्याला आयता कळतो. आणि फिशर उडवायला साइडमध्ये कॉस्मिक सायक्लोन ठेवा. १००० लाइफ पॉइंट जातात, पण फिशर असताना तो चालतो. मार्क्समनच्या भरवशावर राहाल तर फिशरखाली तो उपयोगाचा नाही.

असा एकाच गटाच्या पानांचा थीम डेक घ्यावा का, असंही तुम्ही विचारलंय. घ्या. अटलांटियन आणि मर्मेल दोन्ही २०१२ मध्ये आले आणि एकमेकांसाठीच केल्यासारखे जुळतात, शिकायला याहून चांगला डेक नाही. पण थीम घेतली म्हणजे समोरच्याने तिचा मान राखून तिच्या कलाने खेळावं ही अपेक्षा धरू नका. दादाचा नेमका हाच आग्रह होता आणि अजून आहे. मेंढीकोटमध्ये तुमच्या दश्शीवर कोणी हुकूम मारला तर त्याला कोणी रडका म्हणत नाही. थीम जितकी घट्ट, तितकी ती एका जागी अडते. ही डेक बांधणाऱ्याने पत्करलेली किंमत आहे, अडवणाऱ्याचा अन्याय नव्हे. दादा तिसऱ्या डावाला ‘नशीब’ म्हणतो. तेव्हा मी एकही फिशर ठेवला नव्हता, त्याचं ग्रेव्हयार्ड मोजत बसलो होतो. मोजण्यात नशीब कुठे आलं?

दोन गोष्टी राहिल्या. तुम्ही मास्टर ड्युएल या युगिओच्या डिजिटल खेळावर खेळत असाल तर तिथे रँकची मॅच एकाच डावाची, साइड डेक नाही. त्यामुळे मुख्य डेकमध्ये फिशर भरलेत तर पाण्याच्या डेकसमोर जिंकाल आणि इतर ठिकाणी ते ओझं होईल. तिथे अॅशवरच भर ठेवा. आणि छापील पानं घरी ठीक आहेत, अधिकृत स्पर्धेत अस्सलच लागतात.

बंदीची यादी मात्र खेळायच्या आधी बघा. उदाहरणार्थ, मॅक्स सी हे पान पाश्चात्त्य देशांतल्या (टीसीजी) यादीत बंद आहे, जपानी यादी वेगळी. फिशर आणि मॅक्रोवरही वेळोवेळी बंधनं आली आहेत. मित्राबरोबर कुठली यादी धरायची ते पानं पिसण्याआधी बोलून घ्या. आमच्या पडवीत यादी दादानेच ठरवली होती, फिशर त्यात होता, आणि म्हणूनच त्याची तक्रार मी कधीच मान्य करणार नाही.