सही तुझी, चूकही तुझी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा जिन्यात भेटलास तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं. मित्राला उसने दिलेले २,३०० रुपये परत येत नाहीत, बाबांनी आवाज चढवला, आणि आता त्यांचं म्हणणं की तुझं खातं बंद करून तू त्यांच्या यूपीआय सर्कलमध्ये यायचं. तू कोड स्कॅन करायचास, विनंती त्यांच्या मोबाईलवर जाणार, त्यांनी पिन टाकला की वडापाव तुझ्या हातात. बाबा मीटिंगमध्ये असले तर गाडीवाला आणि तू एकमेकांकडे बघत उभे. "आजोबा, हो म्हणू का?" असं विचारलंस आणि मग खालच्या आवाजात म्हणालास, "खरं तर बरंच आहे, डोक्याला ताप नाही."

हे पत्र त्या शेवटच्या वाक्यासाठी आहे. चौतीस वर्षं कॅश काउंटरला काढली मी. २,३०० रुपये जाण्याला आम्ही बुडणं म्हणत नाही. पण सोळाव्या वर्षी "डोक्याला ताप नाही" म्हणून आपला कारभार दुसऱ्याच्या हवाली करणं, याला मात्र म्हणतो.

सही तुझी, तर चूकही तुझी. मला एवढंच सांगायचं आहे. पुढे जे लिहीन ते फिरून याच्याकडेच येईल, कंटाळलास तरी वाच.

बँकेच्या कागदांत तू "अज्ञान" आहेस. रागावू नकोस, कायद्याचा शब्द आहे, अठरा वर्षांखालच्यासाठी. तुमच्या गावाकडच्या सातबाऱ्यावर अ.पा.क. लिहिलेलं असतं ते हेच, अज्ञान पालनकर्ता. तरीही दहा वर्षांवरच्या मुलाला हवं असेल तर स्वतःच्या सहीने बचत खातं चालवू द्या, असं रिझर्व्ह बँकेने २०१४ साली सगळ्या बँकांना सांगितलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये तेच नव्याने सांगून १ जुलैपर्यंत आपापले नियम जुळवून घ्यायला लावले. किती रकमेपर्यंत, ते बँक ठरवते. एक गोष्ट मात्र पक्की, अज्ञानाच्या खात्याला ओव्हरड्राफ्ट नाही, म्हणजे शिल्लक असेल त्याहून जास्त काढता येत नाही. आपला करार कायदा १८७२ चा, आणि अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्द हा निकाल प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश अमलातल्या सगळ्यांत वरच्या कोर्टाने, १९०३ मध्ये दिलाय, म्हणून तुला उधार द्यायला बँक धजत नाही. थोडक्यात, आज तू कितीही गाढवपणा केलास तरी खात्यात आहे तेवढंच जाईल. बुडून बुडून किती बुडशील? घोट्याएवढ्या पाण्यात पोहायला शिकायची ही दोनच वर्षं उरलीत तुझ्याकडे. अठरा झालास की क्रेडिट कार्डवाले फोन करतील. त्या थकबाकीवर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला बेचाळीस. तिथे पहिली चूक करायची आहे का?

आता माझ्या घरचं सांगतो. तू आमच्या ताईला, माझ्या मुलीला, ओळखतोस. बेंगळुरूत असते, पगार माझ्या पेन्शनच्या कितीतरी पट. लहानपणी शाळेच्या संचयिकेत दर शनिवारी पाच रुपये भरायची, त्या पुस्तकावरही मी रात्री बसून टिक करायचो. बँकेत तिचं खातं होतं, पालक म्हणून मी. स्लिप मी भरायचो, काढायचो मी, नोंद करून आणायचो मी. पासबुक माझ्या खणात. ती अठरा वर्षांची झाली, तेव्हा खातं तिच्या नावाने चालवायचं म्हणून नमुना सह्यांचं कार्ड तिच्यापुढे ठेवलं. तीन चौकोन. तिने पहिल्यात सही केली, पूर्ण नाव. दुसऱ्यात आडनाव गाळलं. तिसऱ्यात पेन टेकवून ती काउंटरच्या काचेतून माझ्याकडे बघत राहिली, बाबा कशी करू? शेजारचा सहकारी हसून म्हणाला, "एकसारखी करा हो ताई, उद्या चेक परत जाईल." सगळे हसले. मीही हसलो. अठरा वर्षांची मुलगी, बारावीला ब्याण्णव टक्के, आणि तिला स्वतःची सही नव्हती. कारण तिची सही मीच होतो.

मी हे वाईट हेतूने केलं नाही. रोज काउंटरवर माणसं बघत होतो, मुलाने परस्पर पैसे उडवले म्हणून रडणारे बाप बघत होतो. शिवाय तेव्हा २०१४ चं ते परिपत्रक यायचं होतं. असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पण आमच्या शाखेपासून दोन मिनिटांवर पोस्ट होतं आणि तिथे दहा वर्षांच्या पोराच्या सहीवर बचत खातं चालत होतं, हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. मला तिची चूक बघवली नसती, एवढंच खरं.

म्हणून तुझ्या बाबांवर चिडू नकोस. ते वाईट वागत नाहीयेत, माझ्यासारखे वागतायत. त्यांना सांग, सर्कल हवं तर ठेवा, अडीअडचणीला उपयोगी पडेल, पण माझं खातं माझ्या सहीवर राहू दे. आणि हे सांगायला रिकाम्या हाताने जाऊ नकोस. चाळीस पानी वही घे. गेल्या तीन महिन्यांतलं आठवेल तेवढं लिही, चहासकट. मित्राचे २,३०० वेगळ्या पानावर. त्याच्याकडे एकदा जाऊन तोंडावर माग. दिले नाहीत तर त्या ओळीपुढे "निर्लेखित" लिही. आम्ही बँकेत हेच करतो. निर्लेखित म्हणजे माफ नव्हे. वसूल होईल ही आशा सोडून पुस्तक खरं करायचं. त्याला पुन्हा उसने द्यायचे की नाही ते मला विचारायला येऊ नकोस. पैसे तुझे आहेत, मित्रही तुझा आहे.

एका बाबतीत मात्र माझ्याकडून मुभा नाही. "तुझ्या खात्यात रक्कम येईल, पुढे पाठवून दे, दोन हजार तुझे" असं कोणी म्हणालं, कॉलेजातला सीनियर असला तरी, तिथून उठून यायचं. फसवणुकीचे पैसे असेच पोरांच्या खात्यांतून फिरवतात. पोलीस खातं ज्याच्या नावावर त्याचं दार वाजवतात. सही कोणाची हे तिथे फार चांगलं कळतं.

रविवारी वही घेऊन ये. कोऱ्या कागदावर दहा सह्या करून आण, मला बघायच्या आहेत.

तुझा,
तळमजल्यावरचा आजोबा

ता. क. हे लिहीत असताना मोबाईल वाजला. ताईने नवा फ्रिज घ्यायचा ठरवलाय, जुन्या खात्यातून पैसे भरतेय, आणि त्या खात्याला नंबर अजून माझाच आहे. "बाबा, ओटीपी सांगा ना लवकर." सांगितला.