वेद बोलण्याआधीचा रेडा

चि. पुतणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्यांच्या फार्मवर तू प्रशिक्षणाला गेलेली असताना आठवड्याभराच्या पिलांच्या चोचींची टोके तापलेल्या पात्याने कापली जात होती, तुझ्या मुठीतले पिलू थरथरत होते आणि शेजारचा सुपरवायझर म्हणाला, ‘‘मॅडम, यांना कुठं अक्कल असते?’’ त्या वेळी तुला उत्तर सुचले नाही. रात्री खोलीवर तुला इटलीतल्या शास्त्रज्ञांचे २००९ मधले संशोधन सापडले. जन्मून काही दिवसच झालेली पिले छोट्या संख्यांची बेरीज-वजाबाकी जमवतात, हे वाचून तुला हायसे वाटले. पुढे तुझी मैत्रीण म्हणाली की ऑक्टोपस फार हुशार असतो म्हणून तिने तो खाणे सोडले, कोंबडी मात्र ती खाते. तेव्हा तू पुन्हा गोंधळलीस आणि मला विचारलेस की जिवाचे मोल बुद्धीवर ठरवायचे की संवेदनेवर, आणि पशुवैद्यकीचे कॉलेजच सोडून द्यावे का.

तू गोंधळलीस याचे मला काही वाटले नाही. तुला हायसे वाटले, याचे वाईट वाटले. पिलांना मोजता येत नसते तर त्यांची चोच भाजायला हरकत नव्हती का? अक्कल असेल तर दया, ही त्या माणसाची अट तू न बोलता मान्य केलीस आणि मग पिलांना जास्त गुण मिळावेत म्हणून भांडायला बसलीस. चोचीच्या टोकात मज्जातंतू असतात आणि कापलेल्या जागी त्यांच्या गाठी होऊ शकतात, हे तुला पुस्तकात शिकवलेले आहे. तेवढे पुरेसे होते.

पैठणची गोष्ट तू लहानपणी ऐकलेली असणार. ज्ञानदेवांची थट्टा करायला कोणीतरी म्हणाले की नावात काय आहे, तो रेडा चालला आहे त्याचेही नाव ज्ञानाच आहे. ज्ञानदेव म्हणाले की त्याच्यात आणि माझ्यात भेद नाही. मग रेड्यावर आसूड ओढले गेले आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले. वेद त्यानंतरचे आहेत. आपल्या कॅलेंडरांवर मात्र तोंड उघडून उभा असलेला, वेद म्हणणारा रेडाच आला. जुन्नर तालुक्यात आळे येथे त्या रेड्याची समाधी आहे. तिथे मीही जाऊन आलो आहे, आणि दर्शनाला आलेल्या माणसांच्या बोलण्यात मला वेदच ऐकू आले, वळ कोणाच्या तोंडी नव्हते. माझ्या समजुतीप्रमाणे ती गोष्ट वळांपाशीच पूर्ण झाली होती आणि वेद ही ज्यांना तेवढ्याने पटले नाही त्यांच्यासाठी जोडलेली पुरवणी आहे. रेडा वेद बोलला नसता तर पैठणच्या मंडळींनी पुढचा आसूड ओढला असता, आणि तुझा सुपरवायझर त्यांचाच वारस आहे.

मी चौतीस वर्षे सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत काढली आणि त्यातून एकच नियम हाती लागला. जनावराला किती कळते, किती दुखते याविषयी शंका असेल तर ती शंका आपली असते, आणि तिचा भार जनावराच्या पाठीवर टाकायचा नाही. हा नियम मी शहाणपणाने शिकलो नाही, उशिरा शिकलो.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात होतो. गोऱ्हे खच्ची करून घ्यायला दवाखान्याच्या खोड्यापाशी रांग लागे. पूर्वी गावोगावी दगडावर ठेचून बैल बडवत असत; त्या मानाने आमचा बर्डिझो चिमटा ही मोठी सुधारणा होती, कारण त्यात कातडी न फाटता आतली शीर चेपली जाते आणि रक्ताचा थेंबही येत नाही. रक्त नाही म्हणजे वेदना नाही, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. गोऱ्हा एकदा हंबरे, मग पाय फाकवून मुकाट उभा राही, रवंथ बंद होई आणि तो दात करकरा खाई. दात खाणे हे वेदनेचे लक्षण आहे, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. खोड्यापाशी मला ते दिसत नव्हते. त्यातल्या एका डांगी गोऱ्ह्याच्या वस्तीवर महिन्याभराने मी घटसर्पाची लस टोचायला गेलो. माझ्या मोटारसायकलचा आवाज ऐकताच त्याने दावे तोडले आणि तो ओढ्यापलीकडे पळाला. मालक हसत म्हणाला, ‘‘लई हुशार हाय साहेब, वळखलं तुम्हाला.’’

त्या रात्री मला जेवण गेले नाही. आता नीट वाच, कारण हे मी पहिल्यांदाच कोणाला लिहितो आहे: मला लाज वाटली ती त्याने ओळखले म्हणून. ज्या शेकडो गोऱ्ह्यांनी मला ओळखले नाही, किंवा ओळखूनही जे निमूट उभे राहिले, त्यांच्यासाठी माझे ताट कधी परत गेले नव्हते. मीही गुणच देत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येकाला भूल देऊ लागलो, असे लिहायला मला आवडले असते. आणखी सहा वर्षे मी तसेच काम केले. दवाखान्याला लिग्नोकेन हे जागा बधिर करणारे औषध मोजके मिळे, हे खरे आहे; मागणीपत्रात मी ते कधी जास्त मागितले नाही, हेही खरे आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी अशी व्याख्या आहे, तिथे बुद्धीची अट नाही. पण त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात शिंगे काढणे, खच्चीकरण, डाग देणे आणि वेसण घालणे ही कामे विहित पद्धतीने केल्यास क्रूरतेतून वगळलेली आहेत. त्या वगळण्याच्या आडोशाला मी बरीच वर्षे उभा होतो. शेतकऱ्याला औताला शांत बैल हवा होता आणि मी नसतो तर त्याने दगड हातात घेतला असता, असेही मी स्वतःला सांगत असे. ते खोटे नव्हते, आणि तरीही मी ते इथे स्वतःला सोडवून घेण्यासाठीच लिहितो आहे, हे मला कळते.

बुद्धी कमी म्हणजे दुःख कमी, हा हिशेब तरी खरा आहे का? मला डॉक्टरने टोचले तर मला माहीत असते की हे पाच मिनिटांत संपेल आणि ते माझ्या भल्यासाठी आहे. गोऱ्ह्याला त्यातले काहीच माहीत नसते. त्याच्यासाठी ती पाच मिनिटे म्हणजे सगळा काळ असतो. बुद्धीने दुःखाची जात बदलते, हे मी मान्य करतो: साखळदंडातला हत्ती किंवा पिंजऱ्यात एकटे ठेवलेले माकड ज्या तऱ्हेने झुरते, तसा झुरण्याचा प्रकार कोंबडीत नसेलही. म्हणून हत्तीला मोकळे रान आणि कळप लागतो, आणि कोंबडीला पंख पसरायला, माती उकरायला जागा लागते. कोणाला काय द्यायचे हे ठरवताना त्याची बुद्धी जरूर पाहा. द्यायचे की नाही हे ठरवताना ती मध्ये आणू नकोस.

बोलता न येणाऱ्या जिवावर आपण आपली शंका कशी लादतो, याचा दाखला जनावरांतलाच हवा असे नाही. १९८० च्या दशकापर्यंत प्रगत देशांतल्या मोठ्या रुग्णालयांतही नवजात बाळांवर शस्त्रक्रिया पुष्कळदा अगदी अपुऱ्या भुलीत होत. स्नायू शिथिल करणारे औषध दिल्यामुळे बाळ हलत नसे. भूल बाळाला सोसणार नाही अशी भीती होती, आणि तिच्या जोडीला मज्जासंस्था अपक्व आहे, बाळाला फारसे जाणवत नाही आणि जाणवले तरी आठवणार नाही, ही समजूत होती. कंवलजीत आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी ऑक्सफर्डमध्ये सहकाऱ्यांबरोबर केलेल्या अभ्यासातून १९८७ मध्ये दाखवून दिले की पुरेसे वेदनाशामक मिळालेल्या बाळांच्या शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत, दोन्ही कमी राहतात. अपुऱ्या भुलीत शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दुष्ट नव्हते. त्यांना शंका होती आणि शंकेचा भार त्यांनी बाळावर टाकला. ‘आठवणार नाही’ हे वाक्य तुला यापुढे शंभर वेळा ऐकायला मिळेल. ते उच्चारणाऱ्याचे दुसरे वाक्यही ऐकून घे, म्हणजे भार कोणावर चालला आहे ते कळेल.

तुझ्या मैत्रिणीचा ऑक्टोपस. तिने तो सोडला हे चांगलेच केले, फक्त त्याचे कारण चुकीचे दिले आहे. ब्रिटनने २०२२ च्या प्राणिसंवेदना कायद्यात ऑक्टोपस घेतला, आणि त्याच्याबरोबर खेकडे व शेवंडही घेतले. खेकडा काही हुशारीसाठी ओळखला जात नाही. त्याला वेदना जाणवते असे मानायला पुरेसा आधार आहे, असे तज्ज्ञांच्या अहवालाने २०२१ मध्ये सांगितले होते, आणि तेवढ्यावर तो आत आला. हुशारीच्या परीक्षांचे काय होते ते आरशाच्या प्रयोगात बघ. १९७० मध्ये गॉर्डन गॅलप यांनी चिंपांझीपुढे आरसा ठेवून त्याला स्वतःची ओळख पटते असे दाखवले. कुत्रा त्या परीक्षेत नापास होतो, कारण त्याचे जग नाकात आहे आणि प्रश्नपत्रिका डोळ्यांची आहे. पुढे २०१९ मध्ये बोटभर लांबीचा एक मासा, दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगणारा, त्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा काही शास्त्रज्ञांनी परीक्षेवरच शंका घेतली. परीक्षक आपण, विषय आपला, आणि निकाल आवडला नाही तर फेरतपासणीही आपलीच.

झाडांचे तू विचारले नाहीस, पण तो सुपरवायझर विचारील, म्हणून लिहून ठेवतो. झाडाला मज्जातंतू नाहीत, आणि तेवढ्या दूरच्या शंकेने कोंबडीच्या खात्रीचा तोल होत नाही. हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाने झाडासाठी ताटातली एक भाजी कमी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. गोचिडाचा प्रश्न मात्र खरा आहे. मी आयुष्यात लाखो गोचीड मारले आणि उद्याही मारीन. एका बाजूला गोचिडाविषयी शंका आणि दुसऱ्या बाजूला रक्त आटून उठता न येणारी गाय असली तर मी गायीकडे जातो. पण गोचिडाला काहीच कळत नाही असे मी आता वर्गात सांगणार नाही. पूर्वी सांगत असे.

एक गोष्ट या नियमात बसत नाही आणि ती लपवणे तुझ्याशी अप्रामाणिकपणा होईल. १९९० च्या दशकात डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक हाती आले. स्वस्त होते, आणि खांदा सुजलेला, लंगडणारा बैल त्या टोचणीने दुसऱ्या दिवशी चारा खाऊ लागे. वेदनेची चाड आता कुठे धरू लागलेल्या मला ते वरदान वाटले. मी ते किती जनावरांना दिले याची गणती नाही. त्यातली काही जनावरे पुढे मेली, गावाबाहेर टाकली गेली, आणि त्यांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. गिधाडे मरण्याचे हे कारण २००४ मध्ये उघड झाले, जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांतली नव्वद टक्क्यांहून अधिक संपली होती. २००४ पर्यंत हे कोणालाच माहीत नव्हते, आणि माझ्यापुढे उभा होता तो कण्हणारा बैल होता, गिधाड नव्हते. मी चुकलो असे मी म्हणणार नाही. मात्र गावावर घिरट्या घालणारे पक्षी दिसेनासे झाले आहेत, हे मला दोन-तीन वर्षे जाणवत होते आणि मी एकदाही मान वर करून विचारले नाही. एकेका जिवाच्या वेदनेवरच मोल ठरवले तर कुळाच्या कुळाचे जाणे त्या हिशेबात कुठे मांडायचे, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

तुझ्या प्रश्नाकडे येतो. कॉलेज सोडायचा विचार डोक्यातून काढ. तू गेलीस तर त्या शेडमध्ये फक्त सुपरवायझर उरेल. त्याच्याशी कोंबडीच्या अकलेवर वाद घालू नकोस. चोच का कापावी लागते, एवढेच विचार. पिंजऱ्यात दाटी झाली की कोंबड्या एकमेकींना टोचतात म्हणून कापावी लागते, असे तो सांगेल. मग दाटी कोणी केली, हे विचारून गप्प राहा आणि त्याला बोलू दे. प्रशिक्षणाच्या अहवालात पात्याचे तापमान लिहितेस तसे पिलू नंतर किती वेळ दाण्याला तोंड लावत नव्हते, तेही घड्याळ लावून लिही. ‘हा रकाना कोणी सांगितला,’ असे विचारले गेले तर माझे नाव सांग. निवृत्त माणसाचे कोणी काही करू शकत नाही.

आणि पोळ्याच्या दोन दिवस आधी इकडे ये. खांदेमळणीला लोक बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, तेव्हा जुवाखाली काय झाले आहे ते वर्षातून एकदा नीट बघायला मिळते. या वेळी खांदे तू तपास. शेजाऱ्यांच्या एका बैलाच्या शिंगाच्या मुळाशी गाठ आली आहे आणि ती कर्करोगाची असावी असे मला वाटते. शिंग काढावे लागेल. माझे हात आता थरथरतात, तेव्हा काम तुलाच करायचे आहे. तो बैल गरीब आहे, लाथ मारणार नाही, हलणारसुद्धा नाही, म्हणून भूल पुरती चढली आहे की नाही हे सुईने टोचून दोनदा बघायचे. लिग्नोकेनच्या दोन बाटल्या येताना घेऊन ये, इथल्या दुकानातल्या संपल्या आहेत.

तुझा,
काका