‘कार्टेशियन’मधला ‘दे’ कुठे गेला?

प्रश्न : मुलीच्या नववीच्या गणितात ‘कार्टेशियन निर्देशक पद्धती’ आली. हे नाव रेने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञावरून पडले, असे शिक्षकांनी सांगितले. मग आडनावातला ‘दे’ कुठे गेला आणि ‘शियन’ कुठून आले?
– एक वाचक, सातारा

उत्तर : शिक्षकांनी सांगितले ते बरोबर आहे, मात्र फ्रेंच नाव आणि इंग्रजी विशेषण यांच्या मध्ये लॅटिन उभी आहे. देकार्तच्या काळी (1596–1650) युरोपातील विद्वान आपसात लॅटिनमध्ये लिहीत आणि नावांनाही लॅटिन रूप देत. ‘देकार्त’च्या लिखित रूपातील डी-ई-एस ही पहिली तीन अक्षरे म्हणजे ‘च्या’ किंवा ‘चे’ अशा अर्थाचा संबंधदर्शक शब्द. आपल्या आडनावांत ‘कर’ शेवटी लागतो, तसा तो तिकडे आधी लागतो. लॅटिन रूप करताना तो गाळला, उरलेल्या भागाला ‘इयस’ जोडले आणि ‘कार्टेशियस’ तयार झाले; त्याला विशेषणाचा प्रत्यय लागून ‘कार्टेशियानस’ झाले आणि इंग्रजीने शेवटचा ‘अस’ टाकून ते उचलले.

यात आडनावाच्या शेवटचा ‘एस’ लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. फ्रेंच माणूस तो लिहितो, पण उच्चारत नाही, म्हणूनच आपण ‘देकार्त’ म्हणतो. लॅटिन रूप मात्र उच्चारावरून न घडता अक्षरांवरून घडले, त्यामुळे हा मुका ‘एस’ बोलू लागला. इंग्रजीत त्याचा ‘झ’ होऊन ‘कार्टीझियन’ असा उच्चार होतो, तर मराठीत ‘शि’ ऐकू येतो. स्वतः देकार्तच्या 1641 आणि 1644 सालच्या लॅटिन ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर आडनाव जोडरेघ देऊन, पण ‘दे’सकट छापलेले आहे, हेही येथे नोंदवले पाहिजे.

प्लेटो या ग्रीक तत्त्वज्ञावरून आलेले ‘प्लेटॉनिक’ हे विशेषण वासनारहित प्रेमाबद्दल वापरताना इंग्रजीत आता लहान अक्षराने लिहितात. ‘कार्टेशियन’चे पहिले अक्षर मात्र अजून मोठेच असते, मग विषय आलेखाचा असो वा मन आणि शरीर ही दोन भिन्न द्रव्ये मानणाऱ्या देकार्तच्या मताचा.

आपला ‘कार्तीय’ हा शब्द मला ‘कार्टेशियन’हून अधिक आवडतो. त्यात ‘दे’ लॅटिनच्या रीतीने गळला आहे, ‘कार्त’ हा उच्चार फ्रेंच राहिला आहे, आणि ‘ईय’ हा प्रत्यय ‘पाणिनीय’मध्ये आहे तोच आहे.