क्लास मोजायचे, पण कोणते?

प्रश्न: आमच्या जावा प्रोजेक्टमध्ये मेव्हन या बिल्ड टूलचे डझनभर मॉड्यूल आहेत. कोणतं किती फुगलंय हे पाहायला प्रत्येकातल्या डॉट-क्लास (कंपाइल होऊन बनलेल्या) फाइली मोजणारी छोटी शेल स्क्रिप्ट लिहिली. एका मॉड्यूलमध्ये सोर्स फाइली दोनशेच्या आसपास, क्लास मात्र पाचशेच्या वर! शिवाय सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर तीच स्क्रिप्ट वेगळा आकडा दाखवते. चुकतंय कुठे?

उत्तर: स्क्रिप्टवर माझा संशय नाही, मेव्हन कंपाइल केलेल्या फाइली ठेवतो त्या टार्गेट फोल्डरवर आहे. नाव बदललेल्या किंवा उडवलेल्या सोर्सचा जुना क्लास तिथे पडून राहू शकतो, आणि हा गाळ ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर निराळा. आधी क्लीन, मग कंपाइल, मग मोजणी. टार्गेटमध्ये टेस्ट-क्लासेस नावाचं फोल्डरही असतं. फाइली शोधणाऱ्या फाइंड कमांडला नुसतं टार्गेट दाखवलंत तर टेस्टही बेरजेत येतात.

एवढं करूनही क्लास सोर्सपेक्षा जास्तच भरतील. जावाचा कंपायलर प्रत्येक इनर क्लासची (दुसऱ्या क्लासच्या आत लिहिलेल्या) वेगळी फाइल करतो, नावात डॉलर ($) घालून. अनॉनिमस, म्हणजे बिननावाचा, असेल तर डॉलरपुढे नुसता 1, 2. एनमवर (ठरावीक नावांच्या यादीवर) जुन्या धाटणीचा स्विच लिहा, बऱ्याचदा कंपायलर पदरचा एक क्लास घालतो. लॅम्डाची (बिननावाच्या छोट्या फंक्शनची) मात्र वेगळी फाइल होत नाही. म्हणजे कुणी अनॉनिमस लिसनर काढून तिथे जावा 8 मधले लॅम्डा लिहिले, की काम तेवढंच राहून मॉड्यूल 'बारीक' होतं. (असल्या आकड्यांचे रंगीत आलेख मीटिंगमध्ये मी पाहिले आहेत. टाळ्याही पडतात.)

टॉप-लेव्हल क्लासच हवे असतील तर नावात डॉलर असलेल्या फाइली वगळा. स्टार-डॉलर-स्टार हा पॅटर्न एकेरी अवतरणातच लिहायचा. दुहेरीत लिहिलात तर डॉलर-स्टारच्या जागी शेल, स्क्रिप्ट चालवताना दिलेली आर्ग्युमेंट्स भरतं. ती नसली की उरतो नुसता स्टार, सगळ्याच फाइली वगळल्या जातात आणि उत्तर येतं शून्य. पॅकेज-इन्फो, मॉड्यूल-इन्फो या नुसती माहिती देणाऱ्या फाइलींनाही बाहेर ठेवा.

मी तुमच्या जागी असतो तर डॉलरसह आणि डॉलरविना असे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापले असते. जिथे तफावत मोठी, ते मॉड्यूल आधी उघडायचं. एकाच फाइलीत डझनभर बिल्डर (ऑब्जेक्ट बांधणारे) नि डीटीओ (नुसता डेटा वाहणारे) क्लास कोंबलेले सापडण्याची शक्यता तिथेच जास्त.

जावासोबत चालणारी कोटलिन भाषाही मिसळली असेल तर एक लक्षात ठेवा: क्लासबाहेर लिहिलेल्या फंक्शनांसाठी नावाशेवटी 'केटी' असलेला क्लास तयार होतो. त्यात डॉलर नसतो, त्यामुळे तो तुमच्या चाळणीतून सुटून मोजणीत येईल.