काउंट वाढला की सूत बारीक, डेनियर वाढला की जाड

प्रश्न : पूर्व भागात आमचे टॉवेलचे माग आहेत. सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होतं, पण पॉलिस्टरचा डेनियर वाढला की धागा जाड होतो. हे उलटं का? आणि ‘डेनियर’ शब्द आला कुठून?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : माझी नोकरी सूतगिरणीच्या टेस्टिंग खात्यात गेली. नवीन आलेला प्रत्येक पोरगा इथेच अडखळायचा.

काउंटमध्ये वजन ठरलेलं असतं, मोजायची ती लांबी. एक पौंड सुतात ८४० वारांच्या वीस आट्या (लड्या) बसल्या, तर ते वीसचं सूत. बारीक सुताच्या जास्त आट्या बसणारच. आम्ही अर्थात पौंडभर सूत उलगडत बसत नव्हतो. दीड वार घेराच्या रीलवर ८० फेरे घेतले की १२० वारांची ‘ली’ होते, तिचं वजन करायचं. सात ली म्हणजे एक आटी.

डेनियरमध्ये लांबी ठरलेली. ९००० मीटर धागा जितके ग्रॅम भरेल, तितका डेनियर. हा आकडा चमत्कारिक वाटतो ना? पूर्वी ४५० मीटर रेशीम घेऊन ते ०.०५ ग्रॅमच्या किती पट भरतं ते बघत. दोन्हींना विसाने गुणा, ९००० मीटर आणि एक ग्रॅम येतं.

शब्दही रेशमाबरोबरच आला. डेनियर हे फ्रान्समधलं जुनं, कमी किमतीचं नाणं. आपण ‘रुपयाभार’ म्हणतो तसंच, नाण्याचं नाव वजनाला चिकटलं. त्याच्या मागे रोमन लोकांचं चांदीचं ‘देनारिउस’, मूळ किंमत ‘अस’ नावाची दहा छोटी नाणी. नावातच दहा आहेत. अरबांचा दिनार याच घरातला, आणि गुप्त राजांच्या कोरीव लेखांतला सोन्याचा ‘दीनार’सुद्धा! इंग्रज १९७१ पर्यंत पेनीसाठी ‘डी’ लिहीत, तोही देनारिउसचाच.

खरं तर १००० मीटरचे ग्रॅम मोजणारं ‘टेक्स’ हे माप जास्त सरळ. पण सोलापूरच्या बाजारात कुणी टेक्समध्ये सूत मागितलेलं मी तरी ऐकलं नाही.

तुम्हाला ताळा हवा असेल तर ५३१५ ला काउंटने भागा, डेनियर येईल. वीसचं सूत साधारण २६६ डेनियर. उलट १५० डेनियरचा धागा पस्तीसच्या सुताइतका. फक्त ‘दोन-वीस’ला वीसचं धरू नका. ते दोन पदर पिळलेलं असतं, म्हणून हिशेबाला दहाचं.