पहिल्या पाच खुर्च्या

माझ्या तरुण मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुझा आवाज ऐकूनच कळलं, तुझ्या कंपनीच्या खात्यात गुंतवणुकीचे पैसे आले. मनापासून आनंद झाला. पण दिवाळीपर्यंत बारा जण कामावर घ्यायचे म्हणालीस, तेव्हापासून तो आकडा डोक्यातून जात नाहीये. म्हणून हे लिहितेय.

आधी पाचच घे, आणि तेही सावकाश. प्रवाशांना लोकांची घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीच्या संस्थापकांनी पहिला इंजिनिअर निवडायला चार-पाच महिने घालवले होते. २०१२ मध्ये फेसबुकने इन्स्टाग्राम १ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिथे अवघी १३ माणसं होती. तुझ्या बारापैकी सात जागांवरचा माणूस सोमवारी सकाळी येऊन नेमकं काय करणार, हे तुला त्या दिवशी नीट सांगता आलं नाही. ते सांगता येईपर्यंत जाहिरात देऊ नकोस.

मी अशी घाई केलेली आहे. माझ्या कंपनीतला तो दुसराच माणूस. ग्राहक तारखेवर अडून बसला होता, मी थकले होते, आणि वीस मिनिटांच्या गप्पांवर एका हुशार मुलाला घेतलं. कामाला वाघ होता, पण चूक झाली की लपवायचा. पुढे त्याच्या हाताखाली तिघे आले, तेही लपवायला शिकले. इथे असंच चालतं, हे त्यांनी त्याच्याकडूनच पाहिलं होतं. विरजण जसं, तसं दही लागतं. मला सगळं दिसत होतं, तरी त्याला समोर बसवून बोलायला मी आठ महिने लावले. त्यात त्याचीही आठ महिन्यांची उमेद गेली, याचं मला अजून वाईट वाटतं.

मुलाखतीत गोड बोलणं सगळ्यांनाच जमतं. त्यापेक्षा तुमच्यापुढची एखादी खरी अडचण घेऊन एक अख्खा शनिवार एकत्र बसा, आणि त्या दिवसाचे पैसे दे. अडकल्यावर माणूस काय करतो ते बघ. विचारतो, चिडतो, की येत असल्यासारखं दाखवतो? पूर्वीच्या वरिष्ठांना स्वतः फोन कर. एकच विचार: 'याला परत घ्याल का?' उत्तराआधी किती वेळ शांतता पसरते, तिकडे कान दे.

पैशाबद्दल पहिल्याच भेटीत खरं बोल. खात्यात किती महिन्यांचा पगार आहे, तेही सांग. पगार कमी देणार असशील तर ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घ्यायचा हक्क, मनापासून दे, आणि कागदावर उदाहरण मांडून समजाव. किती शेअर, कोणत्या किमतीला, किती वर्षांत. नियमाप्रमाणे पहिलं वर्ष भरल्याशिवाय त्यातलं काहीच हाती येत नाही, आणि कंपनी बुडाली तर त्याची किंमत शून्य, हेही स्पष्ट सांग. आपल्याकडे असा निर्णय एकटा माणूस घेत नाही. घरी आई-वडील विचारतात, 'कंपनीचं नाव ऐकलं नाही कधी?' लग्नाचं बघत असतील तर जास्तच. बोलावलं तर त्यांच्या घरी जाऊन ये. मी जायचे.

होकार आला म्हणजे माणूस आला, असं धरू नकोस. मोठ्या कंपन्यांत नव्वद दिवसांची नोटीस असते. तेवढ्या काळात पगार वाढवून त्याला थांबवून घेतात. दर आठवड्याला बोलत राहा, पहिल्या दिवसाआधीच त्याला आपल्या कामात ओढ.

आता खरं सांगायचं ते. तुझ्या जुन्या नोकरीतल्या त्या सहकारी मुलीचं नाव तू एका फोनमध्ये तीनदा घेतलंस. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला तेव्हा चूक माझी होती, असं तिने स्वतः उठून सांगितलं होतं ना? आणि पुढे लगेच म्हणालीस, 'ती कशाला येईल माझ्याकडे.' तू तिला विचारलेलंच नाहीस. उद्या सकाळी फोन कर. तिची नोटीसही नव्वद दिवसांचीच असेल, आणि दिवाळी काही लांब नाही.

तुझी,
मावशी